कानातल्या आवाजाचा फोटो निघेल का?

पत्राचा सारांश : गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईंचं हे पत्र. गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुमारास त्यांच्या दोन्ही कानांत रातकिडे ओरडावेत तसा बारीक, अखंड आवाज सुरू झाला. पाऊस होता तोवर फारसं जाणवलं नाही. दिवाळीनंतर रात्री शांत झाल्या आणि झोप उडाली. डॉक्टरांनी कान तपासले. मळ नव्हता, पडदा ठीक होता. त्यांनी गोळ्या दिल्या आणि ऐकण्याची चाचणी करून घ्यायला सांगितलं, पण ‘मला ऐकू तर व्यवस्थित येतं’ म्हणून बाईंनी ती केली नाही. डोक्यात गाठ असेल या भीतीनं आग्रह धरून मेंदूचा एमआरआय मात्र करून घेतला. तो नॉर्मल आला. रिपोर्ट वाचून यजमान म्हणाले, “बघ, काही नाही. मनाचे खेळ आहेत सगळे.” आता बंगळुरूचा भाचा सांगतो, की साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही ते फंक्शनल एमआरआय आणि पेट स्कॅनमध्ये दिसतं. बाई लिहितात : “माझा आवाज पडद्यावर दिसला तर घरचे विश्वास ठेवतील, आणि नेमकं कुठे बिघडलंय ते कळलं तर उपायही सापडेल. पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेत, त्यातून काढावे लागतील. काढू का? आणि यंदा चवथीला घुमट आरतीला (घुमट हे मातीचं चर्मवाद्य वाजवत म्हणतात त्या आरतीला) बसू की नको?”

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मग. फीचे पैसे फीलाच जाऊ देत.

भाच्यानं तुम्हाला खोटं काही सांगितलेलं नाही. कानातल्या अशा आवाजाचा, म्हणजे टिनिटसचा, मेंदूत माग काढण्याचं काम गेली पंचवीस-तीस वर्षं जगभर चाललं आहे आणि त्यातून पुष्कळ कळलंही आहे. पण जे कळलं ते माणसांच्या गटांबद्दल. तुम्ही पैसे मोजून यंत्रात झोपलात तर तुमच्या एकटीच्या मेंदूबद्दल ते यंत्र काय सांगेल, हा प्रश्न निराळा आहे. त्याचं आजचं उत्तर असं, की तुमच्या उपचारात फरक पडेल असं ते काही सांगू शकत नाही.

तुमचा जो एमआरआय झाला तो मेंदूची रचना पाहणारा. गाठ आहे का, सूज आहे का, एवढंच तो बघतो. रिपोर्टमधल्या ‘नॉर्मल’चा अर्थ, रचनेत धोक्याचं काही आढळलं नाही. आवाज येत नाही, असा तो अर्थ नव्हे. अर्धशिशीनं डोकं धरून बसणाऱ्या बहुतेकांचा एमआरआयसुद्धा नॉर्मलच येतो, त्यांना कुणी खोटं पाडत नाही. तुमच्या यजमानांनी त्या कागदावरून जो निष्कर्ष काढला तो कागदावर लिहिलेलाच नाही, हे त्यांना दाखवून द्यायला हरकत नाही. पण खरं सांगायचं तर तोच निष्कर्ष तुम्हीही थोडासा मान्य केलेला दिसतो. चित्रात दिसलं नाही म्हणजे पुरावा नाही, म्हणून आता मोठं चित्र काढू या, असं तुमच्या मनानं घेतलं आहे.

ते मोठं चित्र कसं निघतं ते जरा विस्तारानं सांगते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूनं भरलेलं रक्त जास्त वाहतं. फंक्शनल एमआरआय हा चढउतार टिपतो. बोट हलवा, थांबा, पुन्हा हलवा. हलवतानाची नोंद आणि थांबल्यावरची नोंद यांची वजाबाकी केली की उरतो तो फरक रंगवून दाखवतात. वर्तमानपत्रांत छापून येणारे लाल-पिवळे ठिपके ते हेच. आता तुमचा आवाज थांबतच नाही. मग कशातून काय वजा करणार? शिवाय हे यंत्र स्वतःच इतकं ठणठणाट करतं, की आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. रातकिड्यांचा अभ्यास करायचा आणि शेजारी खडी फोडण्याचं मशीन लावायचं, असा तो प्रकार. संशोधक दोन नोंदींच्या मध्ये यंत्र काही सेकंद गप्प ठेवायची युक्ती करतात, पण अडचण पुरती सुटत नाही.

म्हणून त्यांनी अशी माणसं शोधून काढली, ज्यांचा आवाज मध्येच बदलता येतो. १९९८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार रुग्ण होते आणि जबडा आवळला की त्यांच्या कानातला आवाज कमी-जास्त व्हायचा. पेट स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य रक्तात सोडून मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते टिपणारा स्कॅन, चालू असताना त्यांना तेच करायला लावलं. बाहेरून एका कानात सूर वाजवला तर मेंदूच्या दोन्ही बाजूंची श्रवणकेंद्रं जागी होत होती. त्यांचा स्वतःचा आवाज बदलला तेव्हा मात्र एकाच बाजूला फरक दिसला, तोही आवाज ज्या कानात वाटतो त्याच्या विरुद्ध बाजूला. म्हणजे कानाला धरून बसलो तरी हा आवाज कानातून वर चढत नव्हता, तो वरच तयार होत होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना याची कुणकुण आधीपासून होती. श्रवणनसेवरची गाठ काढताना नस कापावी लागली आणि तो कान पार बहिरा झाला, तरी त्यातला आवाज कित्येकांत तसाच राहिला. काहींत तर वाढला.

२०१५ चा आणखी एक अभ्यास आहे, तो तर एकाच माणसाचा. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी या पन्नाशीच्या गृहस्थांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेले होते आणि योगायोगानं त्यांना टिनिटसही होता. काही वेळ खरखराट ऐकवून तो बंद केला की काहींचा आवाज थोड्या वेळापुरता दबतो. तसा त्यांचा दबला, तेव्हाच्या आणि नंतरच्या लहरी ताडून पाहिल्या. बाहेरून तशाच सुराचा आवाज ऐकवला तर मेंदूचा लहानसा तुकडा जागा होत होता. टिनिटसशी जोडलेल्या लहरी मात्र जवळजवळ सगळं श्रवणकेंद्र व्यापून त्याच्या बाहेरही दूरवर पसरलेल्या होत्या. ‘नेमकं कुठे बिघडलंय ते कळलं तर’ हा तुमच्या पत्रातला शब्दप्रयोग मी इथे पुन्हा वाचला. नेमकं एका जागी काही नसतंच.

या शोधात पायाखालची जमीनही अनेकदा सरकली आहे. २००६ मध्ये जर्मनीतल्या अभ्यासात टिनिटस असलेल्यांच्या मेंदूत एका लहानशा भागातला करडा थर कमी आढळला, मोठा गाजावाजा झाला. पुढच्या अभ्यासांत तो फरक कधी दिसला, कधी नाही. २०१० मध्ये लक्षात आलं, की मध्यमेंदूतली जी वाढलेली हालचाल टिनिटसची समजत होते ती खरं तर मोठे आवाज सहन न होण्याशी जोडलेली आहे. दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच माणसात असतात, म्हणून घोटाळा झाला. २०२० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी डोक्याला टोपी घालून प्रकाशानं रक्तातले बदल मोजले आणि संगणकाला टिनिटस असलेले-नसलेले ओळखायला शिकवलं. त्याला ७८ टक्क्यांच्या आसपास ओळखता आलं. संशोधन म्हणून हे कौतुकाचंच आहे. पण शंभरातल्या बावीसांना ते यंत्र चुकीचं सांगणार, आणि त्या बावीसांत तुम्ही निघालात तर? आज यजमान एक रिपोर्ट दाखवतात, उद्या दोन दाखवतील.

एवढं असूनही त्या सगळ्या स्कॅनांनी जे शिकवलं त्याचा फायदा तुम्हाला एक पैसा न खर्चता घेता येतो.

कानातल्या सूक्ष्म केसपेशी वयानं, गोंगाटानं किंवा औषधांनी थकल्या की मेंदूकडे येणारा मजकूर कमी होतो. मग मेंदू आपलं लक्ष आणि जोर वाढवतो. मागच्या बाकावरचं मूल पुटपुटत उत्तर देतं तेव्हा तुम्ही कान टवकारता, आणि इतका वेळ न जाणवलेली पंख्याची घरघरही ऐकू यायला लागते, तसं काहीसं. ही घरघर आपल्या सगळ्यांतच असते. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्क्यांनी काही ना काही आवाज येत असल्याचं सांगितलं. जगातल्या प्रौढांपैकी साधारण १४ टक्क्यांना टिनिटस जाणवतो आणि त्यातल्या थोड्यांचंच जगणं त्यानं अवघड होतं, असं २०२२ चा एक मोठा आढावा सांगतो. तक्रारही आजची नाही. सुश्रुतसंहितेत कानाच्या अठ्ठावीस रोगांत कर्णनाद आहेच.

मग काहींचंच जगणं का अवघड होतं? मेंदूच्या चित्रांनी दिलेलं सगळ्यात कामाचं उत्तर इथे आहे. ज्यांना त्रास होतो त्यांच्या मेंदूत श्रवणाच्या जोडीला लक्ष, भीती आणि आठवण यांची जाळीही गुंतलेली आढळतात. आवाजाची मोठाई आणि त्रास यांचं गणित जुळत नाही. यंत्रावर सूर जुळवून मोजलं तर हा आवाज बहुतेकांत त्यांच्या ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा काही डेसिबलच वर असतो, कुजबुजीइतका. तो कुजबुजतो आणि मेंदू त्याला धोक्याची घंटा समजून रात्री दोन वाजता जागा राहतो. यजमानांचं ‘मनाचे खेळ’ म्हणजे तुम्ही कल्पना करता आहात, असं असेल तर ते साफ चूक आहेत. पण भीती कमी झाली की त्रास कमी होतो, या अर्थानं मनाचा यात हात आहे, आणि ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. आवाज बंद करणारं औषध आज नाही. त्रास कमी करणारे मार्ग आहेत.

आता तुम्ही सोडून दिलेल्या चाचणीकडे येते. गाठीच्या भीतीनं एमआरआय केलात आणि डॉक्टरांनी सांगितलेली स्वस्त, अर्ध्या तासाची तपासणी टाळलीत. रागावत नाही, बहुतेकजण असंच करतात. ‘ऐकू व्यवस्थित येतं’ म्हणजे समोरचा बोलतो ते कळतं, एवढंच. वरच्या पट्टीतले सूर आधी जातात आणि ते गेल्याचं वर्षानुवर्षं कळत नाही. ‘स’ आणि ‘श’मधला फरक गर्दीत निसटतो, पोरांचे बारीक आवाज पुन्हा विचारावे लागतात, टीव्हीचा आवाज दोन काड्या वर जातो. तुमच्या वर्गात असं काही होतं का, ते आठवडाभर बघा. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कान-नाक-घसा विभागात किंवा जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे तीच ऐकण्याची चाचणी, करून घ्या, आणि सोय असेल तर आठ हजार हर्ट्‌झच्या वरचंही तपासा म्हणावं. पुढे कधी मुंबईला जाणं झालं आणि गरज वाटली तर वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवरच्या राष्ट्रीय संस्थेत टिनिटसचीही तपासणी होते. ऐकणं कमी झालेलं निघालं तर श्रवणयंत्र लावून बघा. पुष्कळांचा आवाज त्यानं मागे पडतो, कारण मेंदूला हवा असलेला मजकूर पुन्हा मिळायला लागतो. शाळेत यंत्र लावून कसं जाऊ, हे मनात येईल. चष्मा लावून जाताच ना.

या तपासणीला यजमानांना बरोबर न्या. काचेच्या खोलीत तुम्ही हेडफोन लावून बसाल आणि ते बाहेर बसून आलेख उतरताना बघतील. शिवाय टिनिटसचा त्रास मोजायची २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. आवाजामुळे झोप लागत नाही का, चिडचिड होते का, लोकांत मिसळणं टाळता का, असे प्रश्न. शंभरपैकी आकडा येतो. ती घरी आणा आणि त्यांच्यासमोर बसून भरा, मोठ्यानं वाचत. मेंदूच्या रंगीत चित्रापेक्षा हा आकडा डॉक्टरांनाही जास्त कामाचा, कारण सहा महिन्यांनी पुन्हा भरून फरक कळतो. त्यानंतरही ते ‘मनाचे खेळ’च म्हणत राहिले तर प्रश्न कानाचा उरत नाही, आणि तो कुठल्याच स्कॅननं सुटणार नाही. त्यासाठी वेगळं पत्र लिहा, मी वाट बघेन.

रात्रीचं. पाऊस असताना जाणवलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. अर्धा उपाय त्यातच आहे. पूर्ण शांतता टाळायची. पंखा चालू ठेवा, किंवा मोबाइलवर पावसाचा, ओहोळाचा आवाज लावा. आपला आवाज बुडेल इतका मोठा मात्र नको. त्याच्या किंचित खाली ठेवा, म्हणजे मेंदूला दोन्ही ऐकू येतात आणि हळूहळू आपल्या आवाजाचं अप्रूप वाटेनासं होतं. आवाज आला की अंथरुणात पडून त्याच्यावर पहारा देऊ नका. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, वह्या तपासा हवं तर.

ज्या उपचाराच्या बाजूनं सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो म्हणजे सीबीटी. आवाजाबद्दलचे आपले घाबरवणारे विचार आणि सवयी मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून बदलत नेणं, असं त्याचं स्वरूप आहे. त्यानं आवाज लहान होत नाही, जगणं मोठं होतं. बांबोळीच्याच मानसोपचार संस्थेत विचारा. तिथे जायचं म्हटलं की गावात काय बोलतील हा प्रश्न आपल्याकडे येतोच. ‘कानाच्या उपचारासाठी जाते’ असं सांगितलंत तर ते खोटं नाही. जवळ कुणी नसेल त्यांनी टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन करावा, सरकारी आणि मोफत आहे.

गोळ्यांबद्दल. पत्रात तुम्ही चिठ्ठीवरची दोन नावं लिहिली आहेत, बीटाहिस्टिन आणि गिंको. टिनिटससाठी या दोन्हींचा उपयोग मोठ्या आढाव्यांत दिसून आलेला नाही. पण बीटाहिस्टिन चक्करेसाठीही देतात, तेव्हा परस्पर बंद करू नका. ‘ही कशासाठी आहे आणि कधी थांबवायची’ एवढं डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, संधिवात, मलेरिया यांची काही औषधं उलट आवाज वाढवू शकतात, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. इंटरनेटवरचे ‘कर्णनादनाशक’ थेंब विकत घेऊ नका, आणि सासूबाई प्रेमानं कोमट खोबरेल आणतील तेही कानात नको. डोक्याला चोळा.

घुमट आरतीला खुशाल बसा. त्रासाच्या भीतीनं आवडतं सोडून देणं हे टिनिटसला खतपाणी. फक्त कासाळ्यांच्या शेजारची जागा नको. पितळेचा तो टणत्कार कानाच्या हातभर अंतरावर तासभर घेणं कुणाच्याच कानांना मानवत नाही. फोमचे इअरप्लग मिळतात, ते त्या वेळेपुरते घाला आणि आरती संपली की काढून ठेवा. दिवसभर घालून फिरलात तर मेंदू आणखीनच कान टवकारेल. शिगम्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या आणि ध्वनिक्षेपकांच्या शेजारी चालणाऱ्या सगळ्या तरुण मंडळींनाही हेच सांगते, आणि हणजुण-वागातोरच्या पार्ट्यांत रात्रपाळी करणाऱ्या वेटरांना तर जास्तच. पार्टीनंतर एक-दोन दिवस कान वाजत राहणं हा कानांचा इशारा असतो.

तरीही फंक्शनल स्कॅनचं कुतूहल उरलंच, तर एखाद्या संस्थेच्या संशोधनात सहभागी होण्याचा मार्ग आहे. तिथे लेखी संमती घेतात, नैतिकता समितीची मंजुरी असते, आणि भारतातल्या औषध-उपचारांच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत बघता येतात. तुमच्या स्कॅननं विज्ञानाला मदत होईल, तुम्हाला उपचार मिळतीलच असं नाही, हे तिथे स्पष्ट सांगतात. जिथे स्कॅनचे पैसे तुमच्याकडून घेऊन ‘टिनिटसचं मूळ शोधून देतो’ म्हणतात ते संशोधन नव्हे, दुकान आहे.

हे वाचून कुणी गरजेचा एमआरआयही टाळू नये, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं. आवाज एकाच कानात असेल, एका कानानं दुसऱ्यापेक्षा कमी ऐकू येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू बधिर, लुळी वाटत असेल, तर स्कॅन लागतो. श्रवणनसेवरची गाठ क्वचित असते, पण असते. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर रक्तवाहिन्यांची तपासणीही लागते, मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का ते बघून डॉक्टरांना सांगा. एमआरआयला जाताना इअरप्लग आणि वरून हेडफोन, दोन्ही मागून घ्या. आणि एका सकाळी उठलात आणि एक कान अचानक बंद झाला, आवाज सुरू झाला, तर मळ असेल म्हणून आठवडाभर थांबू नका. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. रविवार असो, चवथ असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.